तीन सीसीची गफलत

सकाळचे साडेनऊ, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शटरं निम्मी वर गेलीत, चहाची किटली गल्लीत फिरतीय, आणि ह्या लेथवर आत्ता जे चाललंय ते बघून वाटेल भंगार कापतायत. भंगारच आहे तसं. जळालेला हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत गरम होणारी विजेची कांडी, कुणी फुकट दिला तरी घेणार नाही असला.

ज्या जीपचा हा प्लग, ती बाहेर उभी आहे. चार सिलिंडर डिझेल, सकाळी सुरू करताना पांढरा धूर सोडते न मिस मारते. मालकाला एका गॅरेजात सांगितलं, इंजिन खोलायला लागंल, म्हणजे रिंगा, लायनर, पिस्टन सगळंच आलं. आमचे मिस्त्री म्हणाले, "आधी कॉम्प्रेशन तर बघूया की ओ, मग ठरवू खोलायचं का न्हाई."

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरातल्या हवेवर पडणारा दाब. आता तो बघायचा कसा? पेट्रोल गाडीला साधारण १० ते १३ किलो (चौरस सेंटिमीटरला) येतं, स्पार्क प्लगच्या जागी गेज लावलं की काम झालं. डिझेलला स्पार्क प्लगच नाही, हवाच एवढी दाबायची की तिच्या उष्णतेनं डिझेल पेटलं पाहिजे, त्यामुळं चांगल्या इंजिनला २५ ते ३५ किलो येतं आणि गेज ७० किलोचं लागतं. ते बसवायचं डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या भोकात नाहीतर हीटर प्लगच्या, आणि इथंच गोची आहे, कारण कुणाचा आटा १० बाय १ (जाडी १० एमएम, दोन आट्यांतलं अंतर १ एमएम), कुणाचा १० बाय सव्वा, कुणाचा १२ बाय सव्वा, काही नोझलला तर आटाच नाही, क्लॅम्पनं दाबून बसवलेला. बाजारात किट मिळतं. त्यात गेज भोकाला जोडायचे डझनभर अडॅप्टर असतात आणि नेमका आपल्याला पाहिजे तोच नसतो.

म्हणून बाद प्लगचाच अडॅप्टर बनवायचा. आटा बरोबर, खालची टेपर सीट बरोबर, ते सगळं कंपनीनं आधीच करून ठेवलंय, आपण फक्त आतलं पोट काढायचं. चकमध्ये धरला, टोकाची कांडी कापली. ही पांढरी पावडर पडतीय बघा, ती मॅग्नेशियम ऑक्साइड, कॉइल न बाहेरच्या नळीच्या मध्ये ठासून भरलेली असते. कॉइलच्या तारेला ड्रिल लागलं की बाजूला पळतंय, म्हणून इथं घाई नाही.

आधी असाच एक बनवला होता, तो त्या खिळ्यावर लटकतोय. दिसायला एकदम भारी, आरपार ६ एमएमचं होल, वरती निपल, त्यापुढं होज, आणि हवा परत जाऊ न देणारा वन वे व्हॉल्व्ह पार गेजजवळ. लावला की चांगलं इंजिनसुद्धा आजारी दाखवायचा! कारण साधं आहे, पण डोक्यात यायला दोन दिवस गेले. समजा ५०० सीसीचा एक सिलिंडर, रेशो २० ला १, म्हणजे पिस्टन खाली असतानाची हवा वर आल्यावर विसाव्या भागात मावते. पिस्टन वर आला की उरणारी जागा जेमतेम २६ सीसी. त्यात अडॅप्टरच्या पोकळीची नुसती ३ सीसी मिळवा, रेशो २० चा १८ होतो, दाबातले शंभराला दहा-बारा तिथंच गेले. होज तर धरलाच नाही अजून.

ह्या नव्याला व्हॉल्व्हची पिन पार खालच्या टोकाशी घेतलीय. वरच्या पोकळीत हवा प्रत्येक स्ट्रोकला भरत जाते, परत येत नाही, सहा-सात स्ट्रोकमध्ये काटा थांबतो. पिन टायरची घालू नका बरं का, दिसते सेम पण स्प्रिंग कडक, तिथं परत रीडिंग कमी येतंय. कॉम्प्रेशन गेजची हलक्या स्प्रिंगची वेगळी मिळते. आणि निपलला पितळी वेल्डिंग करायच्या आधी पिन काढून ठेवायची, नाहीतर रबर जळून जातं (हे पण करून झालंय).

इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल बंद. ही वायर विसरलात तर सिलिंडर पेटणार आणि गेज गेलंच समजा. सेल्फ मारला.

२८. २७. तिसऱ्याला १९. चौथा परत २८.

तिसऱ्यात निम्मा चमचा ऑइल. जास्त नाही, २६ सीसीच्या जागेत ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. परत सेल्फ मारला, १९ चे साडेएकोणीस. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून काटा चांगला वर चढला असता. "रिंगा न्हाईत गड्या, व्हॉल्व्ह न्हाईतर गॅस्केट."

आता त्याच अडॅप्टरमधली पिन काढली, तिसरा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना वर आणला, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कॉम्प्रेसरची हवा उलटी आत सोडली. आता हवा कुठनं गळतीय ते शोधायचं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट बरोबर. ऑइलच्या झाकणाशी जरासा वारा, तेवढा कुठल्याही इंजिनला असतोय. एअर फिल्टरकडं शांत, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बरोबर. मग मिस्त्री मागं गेले, खाली बसले न सायलेन्सरला कान लावला.

सूं.

"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. नुसतं हेड उतरवायचं."

जीपवाल्यानं चहा सांगितला, सगळ्यांना. मिस्त्रींनी अडॅप्टरवर पंचनं १० बाय १ ठोकलं, जुन्याशेजारी आणखी एक खिळा मारला.