रोजच्या आज्ञा एका फाइलीत

नमस्कार श्रोतेहो. टर्मिनलवर रोज त्याच चार आज्ञा टाइप करत असाल, तर त्या एका साध्या फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवा. झाली शेल स्क्रिप्ट! हाताने टाइप करता तेच शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, ओळीओळीने वाचत जातो. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९च्या युनिक्समध्ये आला, ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९मध्ये. तेव्हाच्या कितीतरी ओळी आजही जशाच्या तशा चालतात, म्हणून ही विद्या मला फार मोलाची वाटते.

कागद-पेन जवळ घ्या. पहिली ओळ: हॅश, उद्गारचिन्ह, स्लॅश, बिन, स्लॅश, बॅश. सगळं सलग. फाइल कोणी वाचायची ते ही ओळ ठरवते. दुसरी ओळ: एको, म्हणजे पुढचं पडद्यावर छापणारी आज्ञा, मग जागा, आणि दुहेरी अवतरणात एखादं वाक्य. फाइल साठवा.

चालवायला गेलात की बहुधा ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर येईल. चूक तुमची नाही. नव्या फाइलीला वाचण्या-लिहिण्याची परवानगी असते, चालवण्याची वेगळी द्यावी लागते. सीएचमॉड, जागा, अधिक चिन्ह आणि लगेच एक्स, जागा, फाइलीचं नाव. मग डॉट, स्लॅश आणि त्याला चिकटून नाव. शेल आज्ञा पाथमधल्या, म्हणजे एका ठरलेल्या यादीतल्या, फोल्डरांतच शोधतो. तुम्ही आहात तो फोल्डर सहसा त्यात नसतो, म्हणून हा डॉट-स्लॅश.

आता रिकाम्या जागेबद्दल, कारण माझी पहिली स्क्रिप्ट तिच्यापायीच अडली होती. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. सोडलीत, तर व्हेरिएबलचं नाव म्हणजेच आज्ञा असं शेल समजतो. आणि किंमत वापरताना डॉलर चिन्हासकट व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा. नाहीतर ‘जुने फोटो’ या एका फाइलीच्या ‘जुने’ आणि ‘फोटो’ अशा दोन होतात. आज्ञा आरएम, म्हणजे फाइल पुसणारी, असेल, तर भलतीच फाइल पुसली जाईल, आणि ती कचरापेटीतही सापडणार नाही.

म्हणून आरएमच्या आधी एको लिहून पाहा. काही न पुसता आज्ञा नुसती छापली जाते. पण नुसत्या एकोवर विसंबू नका, नाव तुटलं तरी छापलेलं सारखंच दिसतं. एको तसाच ठेवून स्क्रिप्ट अशी चालवा: बॅश, जागा, वजा चिन्ह आणि लगेच एक्स, जागा, फाइलीचं नाव. प्रत्येक आज्ञा अधिक चिन्हासह दिसेल. ‘जुने फोटो’ एकेरी अवतरणात एकत्र दिसलं, की एको काढा.