टाचणवहीत न मावलेलं शिकवणं

(अमळनेर इथे माध्यमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

संयोजकांनी मला विषय कळवला होता ‘परदेशात शिक्षक कसं व्हावं’. पण मघाशी चहाच्या वेळी ज्यांनी ज्यांनी गाठलं, त्यांचा प्रश्न एकच होता: परीक्षा कोणती द्यायची? आपलंही बरोबर आहे. बी.एड.ची सीईटी, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. परीक्षेशिवाय नोकरी ही कल्पनाच आपल्याला झेपत नाही. तर इंग्लंडपुरतं सांगते, कारण माझा अनुभव तिथला आहे. शिक्षक म्हणून पात्र ठरवणारी एकच एक मोठी लेखी परीक्षा तिथे नाही. तिथे पुरावा मागतात. तुम्ही वर्गात काय करता ते दाखवा, म्हणतात. आणि खरं सांगू का, परीक्षा परवडली.

आधी कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमधल्या पात्र शिक्षकाच्या दर्जाला ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’ म्हणतात, बोलताना सगळे ‘क्यूटीएस’ म्हणतात. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला तिथल्या सरकारी शाळेत त्याशिवाय चार वर्षं शिकवता येतं, पुढे तो लागतोच. अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांना २०२४ साली कायद्याने सक्ती नव्हती, खासगी शाळांनाही नाही, पण जाहिरातीत बहुतेक जण मागतात. फरक पगारातही दिसतो. सप्टेंबर २०२४ पासून लंडनबाहेर पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,६५० पौंड होता. दर्जा नसलेल्याच्या श्रेणीची सुरुवात २१,७३१ पौंडांपासून. वर्ग तोच, मुलं तीच, घंटाही तीच. आपल्याकडे अनुदानित आणि विनाअनुदानित एकाच स्टाफरूममध्ये बसतात, त्यामुळे हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना या दर्जासाठी इथूनच थेट ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला फी नाही. हे वाक्य लिहून घ्या, पुढे एजंटांकडे येणार आहे तेव्हा उपयोगी पडेल. पण अट आहे. अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा तिथल्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषा शिकवण्याची तुमची पात्रता हवी. म्हणजे बी.एड.ला ज्यांची मेथड, म्हणजे अध्यापनाचा विषय, गणित किंवा विज्ञान, त्यांना हे दार उघडं. मराठी-इतिहासवाल्यांना बंद. आणि शिक्षकप्रशिक्षण पदवीच्या पातळीचं लागतं. बारावीनंतर डी.एड. करून जिल्हा परिषदेत लागलेल्या आपल्या प्राथमिक शिक्षकांची पदविका त्यात बसत नाही. वीस-वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली माणसं बाहेर आणि दोन वर्षांची नोकरी झालेला बी.एस्सी. बी.एड. आत, हे मला पटत नाही. नियम मात्र तसा आहे.

दुसरा रस्ता मी घेतला. तिकडे शाळेत काम करत असतानाच ‘असेसमेंट ओन्ली’ नावाच्या पद्धतीने मूल्यमापन करून घेता येतं. यात नवं प्रशिक्षण नाही. तुम्ही आधीच शिक्षक आहात असं धरून एखादं विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त संस्था तुमची तपासणी करते. किमान दोन शाळांमध्ये शिकवलेलं लागतं, दोन लगतच्या वयोगटांतलं काम दाखवावं लागतं. फी स्वतःची, हजारो पौंडांत. दहावीचं इंग्रजी तिथल्या दहावीच्या तोडीचं मानायचं की नाही हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. मला समतुल्यतेची परीक्षा द्यावी लागली. घ्या, शेवटी परीक्षा आलीच. तिसरा मार्ग ‘आयक्यूटीएस’चा: इंग्लंडबाहेर राहून, एखाद्या शाळेत शिकवत, साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम. तो खर्चिक आहे, एवढं सांगून पुढे जाते.

आता मुद्द्याकडे येते. तपासणी कशाची करतात? तिथे शिक्षकांसाठी आठ मानकं आहेत, २०१२ पासून लागू असलेली, आणि त्यांच्या जोडीला वर्तनाचा एक भाग. मुलांकडून मोठ्या अपेक्षा ठेवा, त्यांची प्रगती घडवा, विषय पक्का हवा, पाठाची आखणी नीट हवी, वेगवेगळ्या मुलांना जमेल असं शिकवा, मूल्यमापन करा, वर्गात शिस्त राखा, बाकीच्या जबाबदाऱ्या पार पाडा. वाचताना वाटतं, यात नवीन काय? हे तर आपल्या बी.एड.च्या पहिल्या पेपरात होतं. गंमत पुढे आहे. प्रत्येक मानकासमोर पुरावा जोडायचा असतो, आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसते.

पुराव्यासाठी मी सगळ्यात आधी काय पुढे केलं असेल? टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी. सुबक अक्षरातलं, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, सगळे रकाने भरलेले. आमच्या हेडमास्तरांनी त्यावर कायम हिरव्या शाईने सही केलेली. तपासणाऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, हा पाठ झाल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी काय बदललंत? कोणाला समजलं नव्हतं? त्याचं नाव काय? त्याच्या वहीत ते कुठे दिसतं?

आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या टाचणात कुठल्या मुलाचं नाव असतं का? टाचण साहेबांसाठी असतं. मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी तर व्हॉट्सअ‍ॅपवर तयार मिळतात. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, ‘अक्षर वळणदार काढतो’, ‘गटात काम करताना इतरांना मदत करतो’. चाळीस मुलांना वाटून टाकायच्या, फक्त सलग दोघांना एकच येणार नाही एवढं बघायचं. (हशा.) हसताय म्हणजे ओळखलंत. मी इथल्या शिक्षकांना कामचुकार म्हणत नाहीये. उलट. काम भरपूर होतं, पण कागदावर जातं ते वेगळंच काहीतरी. आपण कागद तपासणीसाठी ठेवले आणि शिकवणं डोक्यात ठेवलं. तिकडे नेमकं डोक्यातलं मागतात.

एक उदाहरण देते. पाचव्या मानकात एक अपेक्षा अशी आहे की घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या गरजा शिक्षकाला समजल्या पाहिजेत. इंग्लंडच्या शहरांत घरी पंजाबी, उर्दू, पोलिश, सोमाली बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. तिथल्या तरुण शिक्षकांना यासाठी कार्यशाळा ठेवतात. आणि इथे? धडगाव, अक्कलकुव्याला घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पोरांना मराठीतून अपूर्णांक शिकवणारे शिक्षक या सभागृहात बसलेत. ‘मना बाप वावरमा गया’ असं अहिराणीत कारण सांगणाऱ्या पोराला न टोकता, त्याच्याच बोलीत दोन वाक्यं बोलून मग पुस्तकाच्या भाषेवर आणणं तुम्ही रोज करता. कोणती वस्तू हातात दिली, कोणता शब्द आधी त्यांच्या भाषेत घेतला, कोणत्या पोराला शेजारी बसवून दुभाषा केलं, हे पाचव्या मानकाचं भरभक्कम काम आहे. पण ते कुठे लिहिलंय? शंभरातल्या एकाकडेही तारीखवार टिपण नसेल. मग अर्ज करताना तुम्ही लिहिता: ‘मला ग्रामीण भागात अध्यापनाचा बारा वर्षांचा प्रदीर्घ अनुभव आहे.’ तिथला माणूस या वाक्याचं काय करणार?

या गावाला तर नोंदी ठेवण्याची परंपरा आहे. साने गुरुजी १९३० च्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून रोजच्या रोज दैनिक काढत. कुठल्या केंद्रप्रमुखाने ते मागितलं नव्हतं.

पुरावा म्हणून चालतं ते साधंच असतं. एका मुलाच्या वहीचं जूनमधलं पान आणि सप्टेंबरमधलं पान. मध्ये तुम्ही लाल पेनाने केलेली सूचना, आणि त्या सूचनेनंतर त्याने परत सोडवलेलं गणित. चाचणीत ज्या प्रश्नाला अर्धा वर्ग चुकला, त्याची नोंद आणि पुढच्या तासाला बदललेली आखणी. पालकांशी झालेल्या बोलण्याचं चार ओळींचं टिपण. वहीचा फोटो काढताना मुलाचं नाव झाकायचं. बालसुरक्षेबाबत तिकडे अतिशय कडक आहेत, आणि ते योग्यच आहे.

सातवं मानक शिस्तीचं. आपले लोक अडखळतात ते इथे. आपल्याकडे वर्गात शिरल्यावर मुलं उभी राहतात. तिकडे चौदा वर्षांचा मुलगा ‘हे मी का करू?’ असं तोंडावर विचारतो. छडी तिथल्या सरकारी शाळांतून १९८७ सालीच गेली. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई आहे, पण डोळे वटारण्याची सवय कायद्याने जात नाही. तिकडे डोळे वटारून काही होत नाही. शाळेचं लेखी धोरण असतं: पहिली ताकीद, दुसरी ताकीद, मग शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं, आणि ते प्रत्येकाला सारखं, न चिडता, आवाज न चढवता लागू करायचं. मला विषयाच्या तयारीपेक्षा याला जास्त वेळ लागला. पण ‘का करू?’ या प्रश्नाला रोज उत्तर शोधता शोधता माझे पाठ सुधारले, हेही कबूल करते.

कागदपत्रांबद्दल बोलले नाही तर तुम्ही मला स्टेशनवर जाऊ देणार नाही. नाव ही आपली पहिली अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; लग्नानंतर बी.एड. केलं तर त्यावर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र, सगळं इंग्रजीत किंवा प्रमाणित भाषांतरासह लागतं. दुसरी अडचण विद्यापीठाची. १९९० साली आपलं विद्यापीठ झालं तेव्हा ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं. जुन्या पदवीवर एक नाव, नव्या ट्रान्सक्रिप्टवर दुसरं. दोन्ही एकच आहेत असं विद्यापीठाचं पत्र सोबत ठेवा. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर तसं पत्रही त्याच खेपेत मागून घ्या, इंग्रजीच्या वेगळ्या चाचणीचे पैसे वाचू शकतात. तिसरी अडचण म्हणजे अनुभवाची खातरजमा. त्यासाठी तुमच्या शाळेकडे थेट ई-मेल जातो. आपल्या शाळेचा ई-मेल कोण उघडतं? क्लार्क भाऊसाहेब, आणि तेही शालार्थची पगारबिलं असतील तेव्हा. त्यांना आधी सांगून ठेवा.

आता एजंट. जळगावात, नाशकात, पुण्यात बोर्ड लागलेत. त्यांचं आवडतं बोलणं असं की आमच्याकडून ‘पीजीसीई-आय’ करा, ब्रिटिश विद्यापीठाचं आहे, की झालात पात्र. ते प्रमाणपत्र खरं असतं, विद्यापीठही खरं असतं, पण त्याने क्यूटीएस मिळत नाही. ते शैक्षणिक प्रमाणपत्र, हा कायदेशीर दर्जा. आणि क्यूटीएस मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही. नोकरी देणाऱ्या शाळेकडे प्रायोजकत्वाचा परवाना असला तरच व्हिसाची गोष्ट सुरू होते. फुकट अर्जाचे लाखभर रुपये मोजलेली माणसं मला भेटली आहेत.

ऑस्ट्रेलियाबद्दल कोणीतरी चिठ्ठी पाठवलीय. तिथे शिक्षक म्हणून होणाऱ्या मूल्यमापनाला आयईएल्टीएस ही इंग्रजीची चाचणी लागते, वाचन-लेखनात ७ आणि बोलणं-ऐकणं ८. आपली मुलं लेखनात अडकतात अशी समजूत आहे, पण ऐकण्यातले ८ सोपे समजू नका. शिवाय प्रशिक्षणात देखरेखीखाली किमान ४५ दिवस प्रत्यक्ष अध्यापन झाल्याचा दाखला लागतो. तुमच्या बी.एड. कॉलेजकडे इंटर्नशिपच्या दिवसांची, शाळेच्या नावासह नोंद आहे का, हे आजच विचारा. कॉलेजं बंद पडताहेत. एकदा कुलूप लागलं की तो कागद कोणाकडे मागणार?

दुसरी चिठ्ठी शहाद्याकडच्या एका ताईंची. त्यांचं डी.एड. झालंय, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि बी.एड., मेथड मराठी आणि भूगोल. ताई, इथून थेट अर्जाचं दार सध्या तुमच्यासाठी नाही. आखाती देशांतल्या भारतीय शाळा मात्र तुमचं बी.एड. मानतात; त्यासाठी मंत्रालयातून आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयातून साक्षांकन करून घ्यावं लागतं. पदवीची मूळ प्रत हातात आहे ना? पदवीदान समारंभाचा फॉर्मच भरलेला नाही असे निम्मे जण आपल्यात असतात. तिथून सुरुवात करा.