हिरव्या दिव्याचे जादा सेकंद

नमस्कार श्रोतेहो.

पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, याचं एक जुनं गणित आहे. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असं त्यात धरलेलं असतं. म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. आता काठी टेकत, सेकंदाला ०.८ मीटरनं निघालेल्या आजी डोळ्यांपुढे आणा. १० सेकंद संपले तेव्हा त्या ८ मीटरवर पोचल्यात. पुढे ४ मीटर रस्ता, आणि गाड्या सुटायच्या बेतात!

सिंगापूरनं २००९ मध्ये यावर साधा तोडगा काढला. ज्येष्ठांनी किंवा अपंगांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावायचं, की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. स्मार्ट सिटीच्या चकचकीत चित्रांपेक्षा मला हे कार्ड जास्त हुशार वाटतं. हल्ली तर सेन्सर किंवा कॅमेरा हळू चालणारा माणूस स्वतःच हेरू शकतो. कार्ड घरी विसरलं तरी बिघडत नाही. (तोच कॅमेरा आणखी काय काय टिपून ठेवतो, हेही विचारायला हवं म्हणा.)

शहराची हुबेहूब संगणकीय प्रतिकृतीही आता करता येते. नवी इमारत उभी राहिली, तर दुपारी चार वाजता बसथांब्यावर ऊन असेल की सावली, हे वीट रचण्याआधीच दिसतं.

पण यंत्राला दिसतं तेवढंच ते मोजणार. अमेरिकेतल्या बोस्टन शहरानं २०१२ च्या सुमारास एक ॲप आणलं. गाडी खड्ड्यात आदळली की फोनला बसलेला हिसका आपोआप नोंदला जायचा. कल्पना झकास, पण स्मार्टफोन तेव्हा गरिबांकडे आणि म्हाताऱ्यांकडे कमी. नुसत्या त्या नोंदींवर विसंबलं, तर खड्डे जणू सुखवस्तू वस्त्यांतच पडतात! पालिकेच्या लक्षात ही गोष्ट आली, म्हणून सगळीकडे फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फोनवरही ॲप चालवलं गेलं.

आपल्या आजींचंही तसंच. एकदा गाडी अंगावर येता येता वाचल्या आणि त्यांनी त्या रस्त्याचं नावच टाकलं, तर कॅमेऱ्याच्या हिशेबात तिथे हळू चालणारं कोणीच उरत नाही. मग जादा सेकंद कुणासाठी ठेवायचे? त्या दिसेनाशा का झाल्या, हे त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागतं. आणि तेही भर दुपारी नको, त्या झोपलेल्या असतात.

नमस्कार.