छपराची ओळख: आढ्यापासून वळचणीपर्यंत

[दृश्य: उतरत्या छपराचा सांगाडा, कौलं चढवण्याआधी]

छपराची सगळ्यात उंच, आडवी रेघ म्हणजे आढं. आढ्यावरून खाली उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा, आणि कौलं टेकतात ती या रिपांवर. उताराची एक अख्खी बाजू म्हणजे पाखं. ते भिंतीच्या बाहेर आलं की त्याच्याखालची जागा वळचण. गाळा, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, रुंद असेल तर आढं-वासे पुरत नाहीत. तिथे कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, लागते आणि कैच्यांवर आडव्या तुळया, म्हणजे पर्लिन, बसतात.

[दृश्य: दुपाखी आणि चौपाखी छप्पर, वरून]

दुपाखी छप्पर बांधायला सोपं, वर सांधा एकच. पण त्याच्या टोकांच्या त्रिकोणी भिंती वाऱ्याचा मारा थेट घेतात. चौपाखी छप्पर वादळात जास्त तग धरतं, शिवाय चारही भिंतींवर वळचण येते. बदल्यात चार तिरके सांधे पत्करावे लागतात आणि त्यांच्या कडेचं प्रत्येक कौल कापून बसवावं लागतं.

घर एल आकाराचं असेल तर आतल्या कोपऱ्यात दोन पाखी मिळतात, ती व्हॅली. दोन्हीकडचं पाणी आणि पालापाचोळा तिथेच जमतो. कौलं उत्तम असूनही घर गळत असेल, तर पहिला संशय व्हॅलीवर घ्यावा.

[दृश्य: कौलांची रांग, जवळून]

साहित्य निवडण्याआधी उतार ठरायला हवा. बरेचदा उलटं होतं: कौलं आवडतात आणि छप्पर मात्र सपाट ठेवलं जातं. मंगलोरी कौलाला साधारण 30 अंशांचा उतार लागतो. कौलांचे जोड काही बंद नसतात, पाणी थांबायच्या आत खाली निघून जातं एवढंच. उतार कमी पडला की वारा तेच पाणी जोडातून वर ढकलतो आणि एकही कौल न फुटता घर गळतं. डांबरी शिंगलला, म्हणजे डांबर चढवलेल्या पातळ, चपट्या तुकड्यांना, आडव्या 12 फुटांत 4 फूट उतार असावा. 12 फुटांत 2 फुटांपर्यंत चालवून घेता येतं, पण खाली दुहेरी अस्तर घालूनच.

आता हिशेब. घर 10 मीटर बाय 8 मीटर, वळचण सगळीकडे 60 सेंटिमीटर. म्हणजे वरून दिसणारं क्षेत्र 103 चौरस मीटर. पण छप्पर तिरकं आहे. 30 अंशांना ते 119 चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला 15 कौलं धरली तर 1,785, आणि फुटतूट 5 टक्के धरून 1,875. आढ्याची कौलं वेगळी. रिपांमधलं अंतर कागदावरून घेऊ नये. आलेल्या मालातली दहा-बारा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजावं, कारण भट्टीगणिक माप थोडं बदलतं.

[दृश्य: पत्रे बसवताना]

कौलांचं वजन चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास, पातळ पोलादी पत्र्याचं 5 किलोच्या. म्हणून कौलं काढून पत्रे घालताना प्रश्न उलटा होतो: छप्पर तोलायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त, तेव्हा तिथे स्क्रू दाट हवेत. पन्हळी पत्रे एकमेकांवर चढवताना शेजारचा जोड दीड ते दोन पन्हळींचा, वर-खालचा किमान 15 सेंटिमीटर. पावसाळी वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून पत्रे लावत यावं, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. स्क्रू इतका आवळू नये की रबरी वॉशर बाहेर फुगेल. फुगलेला वॉशर लवकर चिरतो. आणि रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नये. ठिणग्यांनी रंग आणि जस्त जळतं, गंज तिथूनच धरतो.

जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते कापणं, भोकं पाडणं, कोरडे घासणं टाळावं. त्याचे तंतू फुप्फुसात जातात.

[दृश्य: सपाट स्लॅब, कठड्याचा कोपरा]

सपाट स्लॅब खरं तर सपाट नसावा. मीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार हवा, तोही पाइपाच्या तोंडाकडे. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे गोलसर भरणी, काढतात, कारण काटकोनात जलरोधक थर हमखास तडकतो. काम झाल्यावर 48 तास पाणी साठवून तपासणी करतात. गळतंय म्हणून जुन्या कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, नवा कोबा ओतणं हा फार वाईट उपाय आहे: 10 सेंटिमीटर जाडीचा विटांचा कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार टाकतो आणि खालची भेग तशीच राहते.

[दृश्य: छतावरचा ओला डाग]

उतरत्या छपरात डागाच्या नेमकं वर भोक सापडेलच असं नाही. आत शिरलेलं पाणी वाशावरून किंवा रिपेवरून सरकत जातं आणि भलतीकडे टपकतं. म्हणून नळीने पाणी मारून शोधताना खालून सुरुवात करावी. वळचणीच्या बाजूला दहा-पंधरा मिनिटं पाणी मारायचं, आत एकाने बॅटरी घेऊन थांबायचं, मग हातभर वर सरकायचं. एकदम आढ्यावर पाणी सोडलं तर सगळे सांधे एकाच वेळी भिजतात आणि चोर कोणता ते कळत नाही.