नवतप्यातली पातळ हवा

नमस्कार श्रोतेहो.

गोंदियाजवळ बिरसीचं विमानतळ आहे. तिथं वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, आणि आसपासच्या धानाच्या बांधांवरून शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसतात. ती पाहून आपणही वैमानिक व्हावं असं मनात धरणारी मुलं-मुली आता आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्या परीक्षेत हवामानशास्त्राचा पेपर असतो आणि त्याचा पहिला धडा वातावरणाचा. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. वावरात काम करता करता रेडिओ ऐकणाऱ्यांनीही थांबावं, यातलं बरंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सुरुवात कापसापासून करतो. वेचणी झाली, भाव चढेल म्हणून कापूस घरातच ठेवला, की खोली आढ्यापर्यंत भरते. महिन्याभरानं वरचा कापूस मोकळा, फुललेला असतो आणि तळचा वरच्याच्या वजनानं दबून घट्ट झालेला असतो. हवेचंही तसंच आहे. जमिनीलगतची हवा वरच्या सगळ्या हवेचं ओझं वाहते. समुद्रसपाटीला हे ओझं दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो भरतं. फक्त साडेपाच किलोमीटर वर गेलं की निम्मी हवा पायाखाली राहते.

इथं विद्यार्थी हमखास चुकतात. उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, असं लिहितात. तसं नाही. 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात आरगॉन आणि इतर वायू, हा हिशेब विमान जातं तिथवर आणि त्याच्याही कितीतरी वर तोच राहतो. कमी होतो तो दाब. एका श्वासात येणारी हवाच थोडी, म्हणून ऑक्सिजनही थोडा.

आता थर. आपण राहतो तो सगळ्यांत खालचा, तपांबर. ढग, पाऊस, गारा, वावटळी, सगळं जवळपास यातच घडतं, आणि यात वर जावं तशी हवा गार होत जाते. ध्रुवांकडे हा थर 8-9 किलोमीटरचा, विषुववृत्ताकडे 16 ते 18 किलोमीटरचा. त्याच्या माथ्यावर तपस्तब्धी आणि त्यापुढे स्थितांबर. तिथं ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो, म्हणून वर जावं तसं तापमान उलट वाढतं.

ही तपस्तब्धी पुस्तकातलीच गोष्ट वाटते ना? वळवाच्या दिवसांत संध्याकाळी आभाळाकडे पाहा. गडगडणारा ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत वर जातो आणि एका उंचीवर त्याचं डोकं सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं बाजूला पसरतं. वर चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणूनच ती चढते. तपस्तब्धीपाशी भोवतालची हवा गार होणं थांबलं, की तिचा जोर संपतो. ते सपाट डोकं म्हणजे आपल्या थराचं छतच. संत्र्याच्या बागा झोडपणाऱ्या गारा अशाच ढगात वर-खाली होत मोठ्या होतात. वैमानिकानं त्याच्यापासून निदान 20 मैल लांब राहायचं. ढग सुंदर दिसतो म्हणून जवळ जायचं नाही, हे मी दर वर्गात पोटतिडकीनं सांगतो.

विमानाची कामगिरी मोजायला जगानं एक ठरीव वातावरण मानलं आहे. समुद्रसपाटीला तापमान 15 अंश, दाब 1013.25 हेक्टोपास्कल, घनमीटरभर हवेचं वजन 1.225 किलो, पुढे दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरत 11 किलोमीटरवर उणे 56.5. ही कोण्या एका गावची हवा नव्हे. काट्यावर तोलायला जसं माप लागतं, तसं हे माप आहे.

हे माप घेऊन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, नागपूरला या. विमानतळाची उंची सुमारे 1,000 फूट. त्या उंचीला मापाप्रमाणे 13 अंश हवेत, आणि दुपारी पारा 45 वर. फरक 32 अंशांचा. मापापेक्षा जास्त असलेल्या दर अंशामागे विमानाला अंदाजे 120 फूट उंची वाढल्यासारखं धरायचं, म्हणजे 3,800 फुटांवर आकडा गेला. त्यात मूळचे 1,000 मिळवा. विमान उभं आहे नागपुरात, पण पंखाला हवा मिळते ती चिखलदऱ्याहूनही उंच जागची. तापलेली हवा फुगते, पसरते, पातळ होते. मापाच्या मानानं जवळपास आठवा हिस्सा हवा कमी.

त्याचा फटका एकाच वेळी तीन ठिकाणी बसतो. पंखाला उचल कमी, इंजिनाला जळणासाठी हवा कमी, इंजिनाच्या फिरत्या पंख्याला ढकलायला हवा कमी. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा आला तरी खरा वेग जास्त असतो, म्हणून विमान धावपट्टीवर लांबवर धावतं आणि उठल्यावर सावकाश चढतं. सकाळी दोघांना घेऊन सहज उडालेलं लहान विमान दुपारी दोन वाजता तेवढ्याच पट्टीवरून तसंच उडेल, हे गृहीत धरू नका. आधी विमानाच्या कामगिरीचा तक्ता उघडा. मुलांनो, उन्हाळ्यात उड्डाण पहाटेचं मागून घ्या.

पावसाळ्यात ऊन उतरतं, पण दमट हवाही कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका. परिणाम उष्णतेइतका मोठा नाही, पण आहे.

पावसाळ्याची दुसरी गोष्ट दाबाची. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, असं रेडिओवर ऐकलं की आपण पेरणीच्या, निंदणाच्या तयारीला लागतो. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र मुळात दाबच मोजतं. खालच्या हवेत 1 हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास 30 फूट. जास्त दाबाच्या गावाहून कमी दाबाच्या क्षेत्रात येताना त्याची कळ फिरवून नवा दाब लावला नाही, तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतं. 10 हेक्टोपास्कलचा फरक असला, तर काटा 1,500 फूट दाखवत असताना विमान खरं 1,200 फुटांवर असतं, आणि ढगांमुळे खालची जमीन दिसत नसते. म्हणून उतरण्याआधी मनोऱ्याकडून दाब विचारायचा, तो मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा, आणि मगच कळ फिरवायची.