काठावरच्या जागा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'विधानसभेच्या चुरशीच्या जागांचं भाकीत : एक संख्याशास्त्रीय विवेचन'. हे वाचूनही तुम्ही एवढे जण आलात, याचं श्रेय मी बाहेरच्या उकाड्याला आणि इथल्या पंख्यांना देतो. घाबरू नका, फळा मागवलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मला वेळेचं भान राहत नाही म्हणून. काठावरची जागा कोण जिंकणार, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. कुठल्या जागा काठावर आहेत, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. लोकांना पहिलं हवं असतं आणि आमच्या दुकानात फक्त दुसरं मिळतं.

२०२४च्या विधानसभा निकालाच्या आदल्या दिवशी एका वाहिनीनं मला बोलावलं होतं. नाव घेत नाही, तुम्ही सगळे तीच बघता. (हशा) तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "सर, बेलापूर कोण?" म्हटलं, पन्नास-पन्नास. ती म्हणाली, "सर, मला फोटो एकच लावायचाय." म्हटलं, दोन्ही लावा. "सर, चौकट एकच आहे." मग मी शक्यता म्हणजे काय ते समजावायला घेतलं, तेवढ्यात जाहिराती लागल्या. परत आलो तर खाली पट्टी फिरतेय, 'बेलापुरात धक्का? तज्ज्ञांचं भाकीत'. त्यातलं प्रश्नचिन्ह तेवढं माझं! दुसऱ्या दिवशी तिथल्याच आमदार, भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी पुन्हा निवडून आल्या. आता यात धक्का कोणाला बसला आणि भाकीत कोणाचं खरं ठरलं, तुम्हीच सांगा.

आणि ३७७ हा काही नीचांक नव्हे. त्याच निवडणुकीत साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. मालेगाव मध्यला मुफ्ती मोहम्मद इस्माईल १६२ मतांनी. राज्यातली ती सगळ्यात घासून झालेली लढत. लोकसभेला तर वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते, पोस्टानं आलेल्या मतांनी चित्र फिरलं. पण ते लोकसभेचं, आज आपला विषय तो नाही. अध्यक्ष माझ्याकडे बघतायत.

एका मतावरून आठवलं. ही माझी आवडती गोष्ट आहे, ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी. २००४ साली कर्नाटकात संथेमरहळ्ळीत ए. आर. कृष्णमूर्ती एका मतानं हरले. आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२, कृष्णमूर्तींना ४०,७५१. त्यांच्या गाडीच्या चालकाला त्या दिवशी मतदानाला जायला सवडच मिळाली नाही, असं सांगतात. मालकच उमेदवार, तो रजा कोणाकडे मागणार? पुढे २००८ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी. प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार, आणि कल्याणसिंह चौहान यांच्याकडून हरले ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. त्यांच्या घरातलीच माणसं मतदानाला गेली नव्हती, असं तेव्हा छापून आलं होतं. त्या यादीत पुन्हा चालक आहेच! मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये लिहिलंय. कायदा करणाऱ्यांनी निदान तेवढं कलम तरी घरी वाचून दाखवावं. (हशा, टाळ्या)

पण हसू नका. आता त्या चालकाकडे माझा सर्वेक्षक गेला असता तर काय झालं असतं? त्यानं साहेबांचंच नाव सांगितलं असतं, अगदी मनापासून. मी ते मत साहेबांच्या खात्यात मांडलं असतं. उत्तर खरं, नोंद खरी, आणि पेटीत मात्र काही नाही.

आपल्याकडे याच्याही पुढची मजा आहे. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. २०२४ला शेजारी कुणी अपक्ष 'ट्रम्पेट' घेऊन उभा, म्हणजे आपली पिपाणी. आंबेगावात दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले. हरलेले देवदत्त निकम तुतारीवाले. तिथे पिपाणीवर उभ्या असलेल्या अपक्षाचंही नाव देवदत्त निकमच, आणि त्याला २,९६५ मतं! ती सगळी चुकून पडली असं मी म्हणत नाही, ते कोणालाही सिद्ध करता येणार नाही. बेलापुरातही हरलेले तुतारीवालेच, आणि पिपाणीला ३७७ च्या कितीतरी पट मतं गेली. आता सर्वेक्षणात बाई सांगते, "तुतारी." आम्ही लिहितो तुतारी. मग ती यंत्रासमोर उभी राहते, तिथे चिन्हं बोटभर आणि मागे रांग. यात माझ्या प्रश्नावलीनं काय करायचं?

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे'. बरं. विवेचन अजून सुरूच व्हायचंय. (हशा)

तर भराभर. हजार माणसं नीट निवडून विचारलीत, तर उत्तरात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतं. दोन लाख मतांच्या जागेत तीन टक्के म्हणजे सहा हजार मतं. साकोलीचा फरक हजारात एक मत, एवढा होता. तो पकडायचा तर सूत्राप्रमाणे दहा लाख माणसं विचारावी लागतील, आणि मतदारसंघात तेवढे मतदारच नाहीत. सगळ्यांनाच विचारायचं असेल, तर त्या सर्वेक्षणाला मतदान म्हणतात आणि ते निवडणूक आयोग करतो.

दुसरं, आणि हेच मला आज खरं सांगायचं होतं. समजा दहा जागा पन्नास-पन्नास आहेत. आपण लगेच पाच-पाच वाटून टाकतो. दहा सुटी नाणी उडवली तर ते ठीकच आहे. पण ही नाणी एकाच दोऱ्यात ओवलेली असतात. शेवटच्या आठवड्यात वारं एक टक्का फिरलं, किंवा आम्ही बायकांचा कल कमी मोजला, तर ती चूक दहाही ठिकाणी एकाच दिशेनं होते. मग निकाल आठ-दोन लागतो आणि लोक म्हणतात लाट आली.

२०२२चा गोवा बघा. चाळीस जागा, मतदारसंघ छोटे. सांत आंद्रे ७६ मतांनी, वेळ्ळी १६९, प्रियोळ २१३, नावेली ४३०. साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी. बहुतेक मतदानोत्तर चाचण्या त्रिशंकू म्हणाल्या, भाजप वीसवर गेला. त्यातल्या मोजक्या जागा उलट्या पडल्या असत्या, तर त्याच चाचण्यांना शाबासकी मिळाली असती. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की अंदाज सांगताना पक्षाला 'सोळा' जागा न म्हणता 'बारा ते एकवीस' म्हणा, आणि काठावरच्या जागांची यादी वेगळी छापा. ही मागणी मी कितीतरी संपादकांकडे केली. सगळे म्हणतात, 'बारा ते एकवीस' मथळ्यात बसत नाही.

अगदीच बरोबरी झाली तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६५ : निवडणूक अधिकारी चिठ्ठी काढतो. २०१७ला मुंबई महापालिकेत गिरगावच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांनाही ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी निघाली शहांची. त्या दिवशी कुठल्याही वाहिनीला पन्नास-पन्नास दाखवायला अडचण आली नसावी.

घंटा झाली. सूत्रं आणि आलेख झेरॉक्स करून दाराशी ठेवलेत, प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारा. फक्त, तुमच्या प्रभागात कोण येणार, हे विचारू नका.