पट्टीला पाणी लागलं की निघायचं

श्रोतेहो, नमस्कार. सामान माळ्यावर कसं चढवायचं, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये कशी बांधायची, हे सखल भागात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आज बोलायचंय ते एवढंच, की घर कधी सोडायचं हे पाणी येण्याआधी ठरवा.

एका वस्तीतली गोष्ट सांगतो. गल्ली उताराची, टोकाला नाला. तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी पावसाळ्याआधी सगळ्यात खालच्या भिंतीवर, घोट्याच्या उंचीला, लाल पट्टी ओढली. "इथं पाणी लागलं की निघायचं. त्या वेळी चर्चा नाही." लोक म्हणाले, पट्टी फारच खाली झाली. मास्तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना उचलून न्यायचंय ना? मग एवढ्याच पाण्यात निघायला हवं."

त्याच पावसाळ्यात एका रात्री पाऊस थांबला. लोक निर्धास्त झोपले. मास्तर बॅटरी घेऊन भिंतीपाशी गेले, तर पट्टी पाण्याखाली! वरच्या अंगाला दिवसभर कोसळलेलं पाणी आत्ता कुठं खाली पोचत होतं. त्यांनी दारं ठोठावली. एक गृहस्थ दारातूनच म्हणाले, "अहो मास्तर, पाऊस कुठाय?" मास्तरांनी नुसता बॅटरीचा झोत भिंतीवर टाकला. गृहस्थ आत गेले आणि मुलाच्या मदतीनं आईला खुर्चीसकट उचलून बाहेर आले. पहाटे त्या घरात पाणी खिडकीला लागलं होतं. गल्ली मात्र केव्हाच रिकामी झाली होती.

पुन्हा सांगतो, पाऊस थांबला म्हणजे पूर थांबला असं नाही.

आणि वाहत्या पाण्याला कमी लेखू नका. जोराचा प्रवाह असेल तर 15 सेंटिमीटर पाण्यातही माणसाचा पाय सुटतो. 30 सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते, 60 मध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात. म्हणून भुयारी मार्ग आणि नाल्यावरचा पूल टाळून जाणारी वाट आत्ताच, कोरड्यात चालून बघा. ती बंद झाली तर दुसरी कुठली, तेही बघा. कोणी कोणाला न्यायचं, हे नावानिशी ठरवा.

मेन स्विच पाणी घरात शिरण्याआधी बंद करायचा. ओल्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. पूर येणाऱ्या वस्तीत विजेचे मीटर जमिनीलगत बसवतात, हे मला अजिबात पटत नाही. ते डोक्याच्या वर हवेत, आणि त्यासाठी रहिवाशांनी भांडायला हवं.

तर पट्टी ओढा, पट्टीला पाणी लागलं की निघा. उंचावर पोचलात की आधी माणसं मोजा. कोणी कमी भरलं तर बचाव पथकाला घर नेमकं कुठलं ते सांगा. स्वतः परत पाण्यात उतरू नका.